वाचकांचे प्रश्न: रेणू तुटतो तेव्हा त्याला पकडायचं कसं?

मागच्या अंकात दोन ओळीत लिहिलं होतं की लेझरच्या अतिशय छोट्या पल्स, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झटके, वापरून रेणूतला बंध तुटताना बघता येतो. त्यावर बरेच प्रश्न आले आणि इतके चांगले आले की या वेळचा सगळा कॉलम याच विषयाला दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे लहान केलेत.

प्रश्न: फेम्टोसेकंद म्हणजे नेमका किती वेळ? आणि अणूंसाठी एवढा छोटा वेळ लागतो तरी कशाला, मिलिसेकंदात भागत नाही का?

एका सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एका भागाचे परत शंभर कोटी भाग करा, त्यातला एक म्हणजे १ फेम्टोसेकंद. दुसऱ्या बाजूने बघायचं तर एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद असतात तितके सेकंद मोजत बसलं तर ३ कोटी १७ लाख वर्षं लागतील. प्रकाश एका सेकंदात जवळपास ३ लाख किलोमीटर जातो, तो सुद्धा या वेळात जेमतेम ०.३ मायक्रोमीटर सरकतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात कामाला येणार आहे.

कशाला लागतो, तर साधा भागाकार आहे. बंध तुटताना अणू एकमेकांपासून साधारण सेकंदाला १ किलोमीटर या वेगाने लांब जातात, आणि नॅनोमीटरचा दहावा भाग एवढं अंतर जरी सरकले तरी रेणूचं रूप बदलायला लागतं. अंतर भागिले वेग केलं की १०० फेम्टोसेकंद येतात. हलक्या अणूंचं तर अजूनच वेगात चालतं, पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजनचा बंध एकदा ताणून परत आखडायला ९-१० फेम्टोसेकंद घेतो. म्हणजे एका मिलिसेकंदात तो बंध १०० अब्ज हेलकावे खाऊन मोकळा होतो, आणि तुमच्या हातात उरते फक्त सरासरी.

प्रश्न: एवढा वेगवान कॅमेरा आहे कुठे? शटर कोण उघडतं आणि कोण बंद करतं?

असा कॅमेरा नाहीच, आणि या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट मला तरी हीच वाटते. चांगल्यातल्या चांगल्या फोटोडायोडला (प्रकाश पडला की विजेचा सिग्नल देणारा भाग) पण एकदा प्रतिसाद द्यायला काही पिकोसेकंद जातात, म्हणजे हजारो फेम्टोसेकंद, तेवढ्यात रेणूचं सगळं आटोपलेलं असतं. म्हणून शटरचा नादच सोडून दिला आणि वेळ मोजायचं काम अंतरावर टाकलं.

एकाच लेझरची एक पल्स घ्यायची आणि अर्धपारदर्शक आरशाने तिचे दोन भाग करायचे. पहिला भाग रेणूला ढकलतो, तो पंप. दुसरा भाग मागून येऊन चौकशी करतो की आता परिस्थिती काय आहे, तो प्रोब. दुसऱ्या भागाला थोडं लांबच्या रस्त्याने पाठवायचं, म्हणजे तो उशिरा पोचतो, आणि किती उशिरा ते रस्ता किती लांब केला यावरून ठरतं. वाटेत एका सरकत्या पट्टीवर आरसे बसवलेले असतात, ते १५ मायक्रोमीटर मागे सरकवले की जाण्याचा १५ आणि येण्याचा १५ असा ३० मायक्रोमीटरचा रस्ता वाढतो आणि प्रोबला बरोबर १०० फेम्टोसेकंद उशीर होतो. १५ मायक्रोमीटर हे अंतर आजच्या मोटरला काहीच नाही, त्याच्या शंभराव्या भागाएवढं पण अचूक सरकवता येतं, म्हणजे जगातल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक घड्याळाने थेट मोजता येणार नाही अशी वेळ एक आरसा मुंगीच्या पावलाने सरकवून मोजली जाते.

आता यात एक मेख आहे जी बऱ्याच लेखांत निसटते. एका उशिराला एकच मोजमाप मिळतं. १०० फेम्टोसेकंदाला काय झालं ते बघितलं, आता ११० ला काय होतं ते बघायचं तर आरसा थोडा सरकवायचा आणि ताजे रेणू घेऊन सगळा प्रयोग परत करायचा, आणि प्रत्येक जागी हजारो वेळा करून सरासरी घ्यायची. म्हणजे 'रेणूची फिल्म' हा शब्द वाचला की एकाच रेणूची सलग फिल्म असं डोळ्यासमोर येतं, तसं ते नसतं, प्रत्येक फ्रेममधले रेणू वेगळे असतात. मग फिल्म जुळते कशी? तर सगळे रेणू एकाच क्षणी सुटतात म्हणून. शंभर धावपटू आपापल्या मर्जीने कधीही पळत सुटले तर मैदानाच्या फोटोवरून काहीच कळणार नाही, पण शिट्टीला सगळे एकदम सुटले तर कुठल्याही क्षणी ते साधारण एकाच रेषेत सापडतील. पंप पल्स ही ती शिट्टी. आणि म्हणूनच पंप सुद्धा छोटाच लागतो, शिट्टीच लांबली तर सुरुवातच विस्कटते.

कल्पना तशी जुनी आहे. रोनाल्ड नॉरिश आणि जॉर्ज पोर्टर यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी हेच फ्लॅशच्या दिव्यांनी केलं होतं, एका फ्लॅशने रासायनिक क्रिया सुरू करायची आणि दुसऱ्याने बघायची, फक्त त्यांचे फ्लॅश मिलिसेकंदाचे होते, नंतर मायक्रोसेकंदाचे झाले. त्यांना मानफ्रेड आयगेन यांच्याबरोबर १९६७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लेझर आला १९६० मध्ये, आणि फ्लॅश फेम्टोसेकंदापर्यंत खाली यायला अजून वीसेक वर्षं गेली.

प्रश्न: दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, अणू ०.१ नॅनोमीटरचा. मग या प्रकाशात अणू दिसेलच कसा? हे मला फसवल्यासारखं वाटतं.

शंका एकदम रास्त आहे. या प्रकाशाने अणूचा फोटो काढता येत नाही, कितीही छोटी पल्स घ्या. फोटो कोणी काढतच नाही, रेणू कुठल्या रंगाचा प्रकाश शोषतो ते बघतात. आणि तो रंग अणूंमधलं अंतर बदललं की बदलतो. म्हणजे प्रोबचा रंग निवडणं म्हणजेच अंतर निवडणं, 'अणू या अंतरावर आले की मला कळव' असं सांगून ठेवल्यासारखं.

अहमद झेवैल यांच्या अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेतल्या ग्रुपने १९८७ मध्ये आयोडीन सायनाईडवर हे करून दाखवलं. पंपने रेणू फोडायचा, प्रोब अशा रंगाचा ठेवायचा की तो फक्त सुट्या झालेल्या कार्बन-नायट्रोजनच्या तुकड्यालाच ओळखेल, आणि उशीर वाढवत जायचं. सुरुवातीला काहीच नाही, मग सिग्नल चढत जातो आणि साधारण २०० फेम्टोसेकंदात तुकडा पूर्ण मोकळा झाल्याचं कळतं. प्रोबचा रंग जरा बाजूला सरकवला की अर्धवट तुटलेला, ना रेणू ना तुकडे अशा अवस्थेतला रेणू सापडतो, तो सिग्नल चढतो आणि लगेच उतरतो. त्या आधी ही मधली अवस्था रसायनशास्त्राच्या पुस्तकात डोंगराच्या आलेखावरचा एक टिंब होती, सगळे मानायचे पण पाहिलेली कोणीच नव्हती.

मला विचाराल तर याहून देखणा प्रयोग पुढचा, सोडियम आयोडाईडचा. इथे पंप दिला की सोडियम आणि आयोडीन लांब जायला लागतात, पण अंतर साधारण ०.७ नॅनोमीटर झालं की एक दुवा लागतो जिथे सोडियमचा इलेक्ट्रॉन आयोडीनकडे उडी मारू शकतो. मारली तर दोघं विद्युतभारित होतात, एकमेकांना ओढतात आणि परत जवळ येतात. नाही मारली तर सुटतात, कायमचे. आता दोन रंगांचे प्रोब घ्या. एक अजून जोडीत असलेल्या रेणूला ओळखणारा, त्याचा सिग्नल वर-खाली वर-खाली होत साधारण १.२५ पिकोसेकंदाला एक असे हेलकावे दाखवतो आणि हळूहळू विरत जातो. दुसरा ५८९ नॅनोमीटरचा, म्हणजे सोडियमच्या दिव्याचा तो ओळखीचा पिवळा रंग, तो फक्त मोकळ्या सोडियम अणूला ओळखतो, आणि त्याचा सिग्नल जिन्यासारखा पायरी पायरीने चढतो, दर हेलकाव्याला एक पायरी, कारण दर वेळी त्या दुव्यापाशी आले की दहातला साधारण एक रेणू निसटतो आणि बाकीचे परत फिरतात. दोन आलेख एकाखाली एक ठेवून बघितले की रेणूंची ये-जा अक्षरशः मोजता येते, आणि कुठेही फोटो काढलेला नाही. झेवैल यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्याला मिळालं.

खरोखरच अणूंच्या जागा बघायच्या असतील तर प्रोब म्हणून तेवढ्याच लहान तरंगलांबीची गोष्ट लागते, एक्स-रे किंवा इलेक्ट्रॉन. त्यासाठी किलोमीटरभर लांबीची यंत्रं आहेत, अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेतलं एलसीएलएस २००९ पासून चालू आहे, आणि जर्मनीत हॅम्बुर्गजवळचं युरोपियन एक्सएफईएल ३.४ किलोमीटर लांब आहे, ते २०१७ मध्ये सुरू झालं. तिथे पंप लेझरचा आणि प्रोब एक्स-रेचा. एलसीएलएसवर एका सहा कार्बनच्या कड्याचा रेणू प्रकाश पडल्यावर उघडून सरळ होताना असा टिपलाय. तिथे सुद्धा सरळ चित्र मिळत नाही बरं का, विखुरलेल्या किरणांचा ठसा मिळतो आणि त्यावरून उलटं गणित करून अणू कुठे असतील ते काढावं लागतं.

प्रश्न: लेझर एकाच शुद्ध रंगाचा असतो असं शाळेत शिकलो. फेम्टोसेकंद लेझर पण तसाच का?

नाही, उलट आहे. पल्स जितकी छोटी तितके तिच्यात रंग जास्त लागतात, हा तरंगांचा नियमच आहे, यातून सुटका नाही. एकच शुद्ध रंग म्हणजे न थांबणारी लाट, तिला ना सुरुवात ना शेवट. छोटा झटका हवा असेल तर अनेक रंगांच्या लाटा अशा एकत्र आणायच्या की एका क्षणी सगळ्यांचे माथे जुळतील आणि बाकी सगळीकडे त्या एकमेकींना मारून टाकतील. १०० फेम्टोसेकंदाची पल्स, मध्य ८०० नॅनोमीटर धरला तर, कमीत कमी ९-१० नॅनोमीटर रुंद पट्टा घेते, आणि १० फेम्टोसेकंदाची घ्यायची तर तोच पट्टा ९० च्या वर जातो. म्हणून असा माल लागतो जो इतके सगळे रंग एकदम वाढवू शकेल, आणि तो मिळाला टायटेनियम मिसळलेल्या नीलमणी स्फटिकात, पीटर मूल्टन यांनी १९८२ मध्ये त्याचा लेझर केला, आणि रंगांचे माथे जुळवून ठेवायची सोपी रीत त्यात १९९० च्या आसपास सापडली. आजही बहुतेक लॅबमध्ये हाच स्फटिक आहे.

आणि एकदा जुळवलेले माथे टिकवणं हे वेगळंच काम. काचेतून जाताना लाल रंग निळ्यापेक्षा जरा पुढे सटकतो, तेवढ्याने पल्स पसरते. १० फेम्टोसेकंदाची पल्स १ सेंटिमीटर जाडीच्या सिलिका काचेतून गेली की १०० फेम्टोसेकंदाची होऊन बाहेर पडते, दहापट! तीच १०० फेम्टोसेकंदाची पल्स त्याच काचेतून घातली तर तिला जवळजवळ काहीच होत नाही, कारण तिच्यात रंगच कमी. म्हणून १० फेम्टोसेकंदाच्या कामात भिंग टाळून वक्र आरसे वापरतात आणि खिडकीची काच किती जाड याचा सुद्धा हिशोब ठेवतात.

पल्स पसरते ही कटकट एका ठिकाणी मात्र मुद्दाम कामाला लावलीय. छोटी पल्स फार ताकदवान केली तर ती लेझरचा स्फटिकच जाळून टाकेल, कारण १ मिलिज्यूल एवढीशी ऊर्जा १०० फेम्टोसेकंदात कोंबली तर त्या क्षणापुरती १० गिगावॅट होते. डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये यावर तोडगा काढला, आधी पल्स हजारो पट ताणायची म्हणजे ती सौम्य होते, मग वाढवायची, आणि सगळ्यात शेवटी परत दाबून छोटी करायची. २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग या दोघांना मिळाला.

प्रश्न: हायझेनबर्गच्या अनिश्चितता तत्त्वाचं काय? वेळ इतकी अचूक पकडली तर ऊर्जा धूसर होणार. मग जे दिसतं ते रेणूचं असतं की लेझरने केलेला गोंधळ?

ऊर्जा धूसर होते हे खरंय, वरच्या उत्तरातला रंगांचा रुंद पट्टा म्हणजे तीच धूसरता. पण ती इथे अडचण नाही, तिच्याशिवाय काही हललेलंच दिसणार नाही. एकदम शुद्ध रंगाने रेणूला उत्तेजित केलं तर तो कंपनाच्या एकाच ठराविक पातळीवर जाऊन बसतो, आणि क्वांटमच्या नियमाने तशा पातळीत अणू कुठे असण्याची शक्यता किती हे वेळेबरोबर बदलतच नाही, सगळं ठप्प. रुंद पट्ट्याची पल्स एकदम पाच-दहा पातळ्या जागवते, त्या सगळ्यांच्या लाटा मिळून एका जागी गठ्ठा होतो आणि तो गठ्ठा बंधाच्या लांबीवर मागेपुढे फिरतो. सोडियम आयोडाईडमध्ये ये-जा करत होता तो हाच गठ्ठा.

लेझर ढवळतो हे मान्यच, पंप तर ढवळण्यासाठीच आहे. खरी काळजी वेगळी असते, पंप गरजेपेक्षा जोरात मारला तर रेणू एकाऐवजी दोन-तीन फोटॉन (प्रकाशाचे कण) गिळतो आणि भलतंच काहीतरी मोजलं जातं. म्हणून पंपची ताकद अर्धी करून बघतात, सिग्नल पण अर्धा झाला तर ठीक, चौथाई झाला तर समजायचं की दोन फोटॉनचं प्रकरण आहे. एखादा पेपर वाचायला घेतलात तर ही तपासणी केलीय का ते आधी बघा, माझा भरवसा तरी त्यावरच ठरतो.

प्रश्न: २०२३ चं नोबेल ॲटोसेकंदाला मिळालं. म्हणजे फेम्टोसेकंद आता जुनं झालं?

अजिबात नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी बघतात. अणू जड असतात, त्यांच्यासाठी फेम्टोसेकंद पुरतो. इलेक्ट्रॉन कितीतरी हलका, त्याच्यासाठी ॲटोसेकंद लागतो, म्हणजे फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग. ॲन लुइलिये यांना १९८७ मध्ये दिसलं की अवरक्त लेझर वायूत सोडला की त्याच्या कितीतरी पट वारंवारितेचा प्रकाश बाहेर येतो, त्याच वाटेने २००१ मध्ये पिएर अगोस्तिनी यांच्या ग्रुपने २५० ॲटोसेकंदांच्या पल्सची माळ मोजली आणि फेरेंक क्राउस यांच्या ग्रुपने ६५० ॲटोसेकंदांची एक सुटी पल्स वेगळी काढली. आणि हा सगळा खेळ चालवायला मुळात फेम्टोसेकंद लेझरच लागतो.

प्रश्न: याचा सामान्य माणसाला उपयोग काय?

डोळ्यांच्या ऑपरेशनमध्ये कॉर्नियाचा पातळ पदर फेम्टोसेकंद लेझरने कापतात, हे बहुतेकांना माहीत असेल. पण माझ्या मते मोठा उपयोग कळण्याचा आहे. तुम्ही ही ओळ वाचताय, त्यात डोळ्यातल्या रेटिनल नावाच्या रेणूवर प्रकाश पडतो आणि त्याचा एक वाकलेला बंध वळून सरळ होतो, ते वळणं २०० फेम्टोसेकंदात होतं. तीन फोटॉन शोषले तर साधारण दोन वेळा जमतं, जे रेणूंच्या जगात फारच चांगलं यश आहे, आणि बंध इतका झटपट वळतो की ऊर्जेला उष्णता होऊन वाया जायला फारसा वेळच मिळत नाही. डीएनएचं त्याच्या बरोबर उलट. त्यातले बेस, म्हणजे डीएनएची साखळी ज्यांची बनते ते घटक, सुटे घेऊन अतिनील प्रकाश टाकला तर ते ती ऊर्जा एका पिकोसेकंदाच्या आतच उष्णता करून फेकून देतात, म्हणजे काही वेडंवाकडं घडायला सवडच नाही. इथे ऊर्जा वाया जाण्यातच फायदा आहे. असं झटपट सुटणं हे डीएनए उन्हात बऱ्यापैकी टिकून राहण्याचं एक कारण धरलं जातं, आणि ते या पंप-प्रोबनेच उघड झालं.

प्रश्न: मी एमएससी करतेय आणि या क्षेत्रात पीएचडी करायचा विचार आहे. लॅबमध्ये रोजचं काम कसं असतं?

बराचसा वेळ आरसे जुळवण्यात जातो हे आधीच सांगतो, त्याचा कंटाळा असेल तर थिअरीकडे जा, तिथेही या विषयात भरपूर काम आहे. सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे शून्य वेळ शोधणं, दोन्ही पल्स एकाच क्षणी पोचतात ती आरशाची जागा. रस्त्यात १ मिलिमीटरचा फरक म्हणजे ३.३ पिकोसेकंद, त्यामुळे आधी फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोपवर ढोबळ जुळवायचं, मग दोन्ही किरण एका पातळ स्फटिकात एकाच ठिपक्यावर आणायचे आणि आरसा सावकाश सरकवत राहायचं. दोन्ही पल्स खरंच एकत्र पडल्या की दोन किरणांच्या बरोबर मधे तिसरा एक निळा ठिपका उमटतो, थोडं इकडे तिकडे सरकवलं की गायब. तो सापडला की मोजायला सुरुवात करायची. यासाठी हाताला सवय लागते आणि ती पुस्तकाने येत नाही, त्यामुळे ॲडमिशन घ्यायच्या आधी एखाद्या लॅबमध्ये एक-दोन महिने प्रोजेक्ट करून बघाच. तयारी म्हणून फूरिये ट्रान्सफॉर्म आणि क्वांटम मेकॅनिक्स पक्कं करा, आणि डेटावर काम करण्यापुरतं प्रोग्रामिंग.

प्रश्न: हे लेझर डोळ्यांना धोकादायक असतात का?

हो, फार. ८०० नॅनोमीटर डोळ्याला जेमतेम फिकट लाल दिसतो, त्यामुळे किरण प्रत्यक्षात किती तीव्र आहे याचा अंदाजच येत नाही आणि पापणी मिटायच्या आत रेटिनाला कायमची इजा होऊ शकते. त्या तरंगलांबीसाठी बनवलेला गॉगल घालायचा, साधा काळा गॉगल चालत नाही. अंगठी-घड्याळ काढून ठेवायचं, आणि टेबलाच्या उंचीवर डोळे येतील असं कधी वाकायचं नाही, खाली पडलेला स्क्रू उचलताना सुद्धा आधी किरण अडवायचा.